राजदूताचं श्रेय किती धरायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएच्या टिपणासाठी विषय घेतलाय: अमेरिकेचे राजदूत एरिक गार्सेटी दिल्लीत असताना (2023 ते 2025) जोर व्यापारावर होता की संरक्षणावर?

संरक्षणाचं ठळक दिसतं. जून 2023 मध्ये लढाऊ विमानांच्या एफ-414 इंजिनांसाठी जीई (अमेरिकी कंपनी) आणि एचएएल (आपली सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्स) यांचा सामंजस्य करार, ऑक्टोबर 2024 मध्ये 31 अमेरिकी एमक्यू-9बी लष्करी ड्रोनचा सौदा. व्यापारात मुक्त व्यापार कराराचं नावच नाही. जागतिक व्यापार संघटनेतले वाद मिटले, आपण अमेरिकी सफरचंद-अक्रोड-बदामावरचं जादा शुल्क काढलं, एवढंच हाती लागतं. (हिमाचलचे बागायतदार वैतागले, ते वेगळंच!)

पण यात राजदूताचं किती आणि वॉशिंग्टनचं किती, हे कसं ठरवायचं? नेमणुकीआधी अमेरिकी सिनेटपुढे झालेल्या सुनावणीतलं गार्सेटींचं निवेदन आधार म्हणून चालेल का? सरांना लवकरच आराखडा दाखवायचाय, जाणकारांनी सुचवा.