शिष्यवृत्तीचा पैसा वरून थेट खात्यात यावा की त्याचा कारभार तालुक्याकडे असावा?

प्रश्न : शिक्षिका, बीड जिल्हा

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेतील ऊसतोड कामगाराची एक मुलगी आठवीत एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) परीक्षा उत्तीर्ण झाली. नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळणे ही तिच्या घरासाठी फार मोठी गोष्ट आहे. मात्र शाळेच्या दाखल्यापेक्षा आधार कार्डावरील तिच्या इंग्रजी नावात एक ‘ए’ अधिक होता आणि तेवढ्यावरून तिचा अर्ज अडला. दुरुस्तीसाठी पालक सोबत हवे होते, आणि ते तर दिवाळीआधीच टोळीबरोबर कारखान्याकडे गेले होते. ही मुलगी कोण आहे हे शाळेतील प्रत्येकाला ठाऊक होते, पण ते लिहून देण्याचा आणि ते ग्राह्य धरले जाण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता. अशा वेळी निधी आणि निर्णय दोन्ही तालुका किंवा जिल्हा परिषद पातळीवर असणे अधिक योग्य ठरेल का?

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख

आपली तळमळ मला पोहोचली, तरीही पूर्वीची पद्धत परत यावी असे मी म्हणणार नाही. शिष्यवृत्तीचा धनादेश शाळेच्या नावे येई, मुख्याध्यापक रक्कम काढून आणत आणि वाटप पत्रकावर आईच्या अंगठ्याचा ठसा घेत. त्या ठशासमोर लिहिलेली रक्कम तिच्या हातात पूर्ण पडली की नाही, हे ठरवण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नसे. चोख वाटप करणारे मुख्याध्यापक मी पुष्कळ पाहिले. पण गरिबाच्या मुलाचा हक्क मुख्याध्यापकाच्या सचोटीवर अवलंबून राहावा, हे मला तेव्हाही खटकत असे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांमध्ये संस्थांमार्फत जाणाऱ्या रकमांबाबत इतक्या तक्रारी झाल्या की २०१६ मध्ये राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले. पैसा थेट खात्यात जातो, ही सुधारणा कष्टाने मिळालेली आहे आणि ती गमावू नये.

उत्तर : कनिष्ठ महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिक

थेट खात्यात पैसे गेले म्हणजे गैरव्यवहार थांबला, असे मात्र समजू नये. २०२३ मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या चौकशीत तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद पडलेल्या आढळल्या, सुमारे १४४ कोटी रुपयांचे नुकसान झाले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. हे सर्व केंद्रीय पोर्टलवरूनच घडले. पोर्टलला कागद दिसतो, शाळेचे कुलूप दिसत नाही. गावातील कोणालाही विचारले असते तर ती शाळा बंद आहे, हे त्याने लगेच सांगितले असते.

माझ्या टेबलावर येणारी दुसरी अडचण नूतनीकरणाची आहे. दहावीनंतर विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत जातो, नव्या संस्थेला तो शिष्यवृत्तीधारक असल्याची माहितीच नसते आणि मुदत निघून जाते, त्यामुळे हुशार मुलाची अकरावी-बारावीची रक्कम बुडते. जुन्या शाळेने दाखल्यावर एक ओळ लिहिली तरी हे टळू शकते, आणि त्यासाठी ना निधी हवा ना शासन निर्णय.

उत्तर : पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. पण लाभार्थी कोण, कोणाचा अर्ज का परत आला, याची यादी आमच्यासमोर कधी वाचली जात नाही. पैसे आमच्या हाती देऊ नका, त्यावरून गावात भाऊबंदकी सुरू होईल. मात्र यादी ऑगस्टच्या सभेत वाचा. टोळ्या निघण्यापूर्वी गावात माणसे असतात, तेव्हाच उत्पन्नाचा दाखला, बँक खाते आणि आधारची दुरुस्ती उरकता येते. आईला तालुक्याच्या बँकेत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि बहुधा एका खेपेत काम होत नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

केंद्रप्रमुख साहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. रक्कम कोणाच्याही हातून न जाता मुलीच्या खात्यातच जावी. माझा आग्रह आता एवढाच आहे की नावातील एका अक्षराच्या फरकासारख्या बाबतीत, मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्याने खात्री दिली आणि समितीने ती सभेत नोंदवली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज पुढे पाठवण्याचा अधिकार असावा, आणि खोटी खात्री देणाऱ्यावर नावानिशी जबाबदारी निश्चित व्हावी. लिपिक महोदयांची दाखल्यावरील ओळीची सूचना मी उद्याच मुख्याध्यापकांपुढे ठेवते, कारण आमच्या दहावीच्या वर्गात यंदा असे दोन विद्यार्थी आहेत.