धुराची गाडी मागणाऱ्यांनो, आधी पाण्याच्या टिपाडात डोकावा

मोंढा_नाका
परवा इथं एकानं लिहिलं, 'डेंग्यू वाढला, नगरपरिषद झोपली, वॉर्डात धुराची गाडी फिरवा.' खाली सगळ्यांची री ला री. म्हणून हे लांबलचक.

डेंग्यूचा डास एडिस, तो दिवसा चावतो आणि घरातच बसतो, खुंटीवरच्या कपड्यांमागं, पलंगाखाली. गाडी येते दिवेलागणीला, आणि वास नको म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो. मेले तर रस्त्यावरचे नालीतले डास मरतात. टिपाडातल्या अळ्यांना त्या धुराचा पत्ताही नसतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नळही आठ-दहा दिवसांनीच येतो. जुळला हिशोब?

टिपाड नुसतं ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या रेषेजवळ आतून भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. काथ्यानं आतून घासायचं, उपडं घालून उन्हात वाळवायचं. कोरडा दिवस म्हणतात तो हा.

नळ_आला_का
घ्या! नळ यायचा रात्री दोनला, पाऊण तास, अन् टिपाड कोरडं ठेवा म्हणे. काय बोलूलालाव राव? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या मुलखाला साठवू नका सांगता?

मोंढा_नाका
साठवू नका कुठं म्हणलं? दोन टिपाडं असतील तर पाळीपाळीनं रिकामी करा. पत्र्याच्या झाकणाला फट राहते, म्हणून जुनं सुती कापड ताणून दोरीनं बांधा. रिकामा न होणारा हौद असेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. अबेट म्हणजे अळ्या मारायचं औषध, त्याचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम; २०० लिटरच्या टिपाडाला ५० टक्क्यांचं औषध अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. आशाताई टिपाड बघायला आली की 'आमच्याकडं नको' म्हणून दारातून परत पाठवू नका. आणि कूलर! जूनमध्ये बंद केला तरी ट्रेमधलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच असतं.

जारवाला_गल्ली
आमचा प्रश्नच मिटला. जार घेतो. टीडीएस ४०. पालिकेच्या पाण्याचा ६००. कोणतं प्यावं तुम्हीच सांगा.

ओटी_टेस्ट
डेंग्यू पाण्यातून पोटात जात नाही हो. प्यायला जार घेतला तरी आंघोळीचं, भांड्यांचं टिपाड घरात आहेच.

आता टीडीएस. ते मीटर विरघळलेले क्षार दाखवतं, जंतू दाखवत नाही. नालीचं चार थेंब पाणी पडलं तरी आकडा हलत नाही. मानकात ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. ६०० म्हणजे विष नव्हे. उलट जार भरतात त्या आरओ यंत्राच्या आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन निघून जातं, मग तोच जार न धुता पुन्हा भरला की आत काही वाढलं तरी अडवायला काही नाही. जंतू बघायचे तर एचटूएसची बाटली घ्या. पाणी भरून ठेवायचं. दूषित असेल तर दिवस-दोन दिवसांत काळी पडते.

जारवाला_गल्ली
शहाणपण पुरे! बोअरला फ्लोराइड आहे, लेकरांचे दात पिवळे पडूलालेत. ते तुमच्या ब्लीचिंग पावडरनं जाणार का?

ओटी_टेस्ट
नाही जाणार, उकळूनही नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तिथं आरओ बरोबरच. घ्या, मानलं. पण टीडीएसच्या मीटरला फ्लोराइड आणि चुना यातला फरक कळत नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते. आणि जार भरताना बरंच खारं पाणी नालीत जातं. दुष्काळी जिल्ह्यात!

नळ_आला_का
म्हणजे पालिकेचं पाणी चोख, असंच ना? मग वास कशाचा मारतो?

ओटी_टेस्ट
मोटारीचा! नळाला थेट मोटार लावली की लाइनीत उलटी ओढ बसते, नालीतून गेलेल्या पाइपाचे जॉइंट सैल असले की तिथून घाण आत ओढली जाते. शेवटच्या घरात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकून बघा. पिवळं झालं नाही तर क्लोरीन संपलेलं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. उघड्या पोत्यातली ब्लीचिंग पावडर महिन्यागणिक उतरते, तो दोष मात्र पालिकेचाच. इतक्या दिवसांनी आलेलं पहिलं पाणी झाडांना घाला.

पॅथॉलॉजी_कट्टा
पाण्यात सगळेच बुडाले, पेशंट राहिला बाजूला. डेंग्यूची एनएस१ ही रक्तचाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत. पुढं आयजीएम एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी. सरकारी आकड्यात एलायझाच धरतात, झटपट चाचणीच्या कार्डावरची पॉझिटिव्ह नाही. खासगी दवाखान्याचा आणि पालिकेचा आकडा जुळत नाही तो यामुळंही. तापाला पॅरासिटामॉलच घ्या; अंगदुखीला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागून घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. खरा धोका ताप उतरताना. पोटात कळ, सारख्या उलट्या, लघवी कमी, की लगेच सिव्हिल. नुसत्या प्लेटलेट्स मोजत बसू नका, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, चढतंय का ते विचारा.

नळ_आला_का
म्हणजे धूर पूर्ण बंद?

मोंढा_नाका
रुग्ण सापडला त्या घरात अन् शेजारी आतून पायरेथ्रम हे डास मारायचं औषध फवारा, एकोणीस भाग रॉकेलला एक भाग. त्याला माझी ना नाही. रस्त्यावरची मिरवणूक नको.

नळ_आला_का
बरं, घासतो टिपाड. मोटारीचंही पटलं. पण आधी वरच्या गल्लीवाल्यांनी काढाव्यात, मग आम्ही. नाहीतर आमच्या नळाला नुसती हवा येते.