मदत हवी आहे: आयुष्मान कार्डाच्या तक्रारींची वही भरली, आता ती अधिवेशनात कोणापुढे अन् कशी मांडायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मानेवाड्याकडे माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जागा दहा बाय बाराची, पण शटर वर करायच्या आधीच पायरीवर चारपाच जण बसलेले असतात. २०२४ च्या ऑक्टोबर एंडला सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मानचंच वय वंदना कार्ड आलं, उत्पन्नाची अट नाही, तेव्हापासून तर आजी-आजोबांची रीघच लागली. आधार द्या, अंगठा लावा. अंगठा काही लागत नाही, जन्मभर भांडी घासून बोटांवर रेषाच राह्यल्या नाहीत, मग ओल्या फडक्यानं पुसा, परत दाबा, तरी नाहीच तर चेहऱ्याचा फोटो, त्यात पापणी लवली पाहिजे अन् आजी डोळे फाडून कॅमेऱ्यात पाहून राह्यल्या. शेवटी नातू म्हणतो आजी डोळा मार, तेव्हा सगळं दुकान हसते अन् कार्ड निघते.

आता कार्ड काढून देणारा मी, म्हणून ते चाललं नाही तर बोलणी खायलाही मीच. "भाऊ, तुह्या कार्डाले तिथं कुत्रं विचारत नाही," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

आमच्या गल्लीतल्या काकूंचं सांगतो. काकांच्या छातीत दुखलं, रात्री एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, ते योजनेतलं आहे म्हणून मुद्दाम तिथं नेलं. काउंटरवर सांगितलं की योजनेतला बेड आज नाही, उद्या पाहू, कॅशमध्ये असेल तर आत्ता घेतो. आरोग्यमित्राची (योजनेतल्या रुग्णांना मदत करणारा माणूस) खुर्ची होती, खुर्चीवर कोणाचं तरी हेल्मेट होतं, आरोग्यमित्र नव्हता. काकूंनी पाटल्या गहाण टाकल्या. काका आता बरे आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. पावत्या काकूंनी साडीच्या दुकानाच्या पिशवीत जपून ठेवल्यात, दुकानात आल्या की पिशवी काउंटरवर ठेवतात अन् म्हणतात, "पाच लाखाचं कार्ड होतं न रे बाबू आमच्याकडं?"

त्या दिवसापासून मी काउंटरवर दोनशे पानी वही ठेवली. जो येईल त्याला विचारायचं, काय झालं, कुठं झालं, किती पैसे गेले. आतापर्यंत ७३ नोंदी झाल्यात. मला वाटलं होतं सगळं ऑपरेशन, डिपॉझिट असंच निघेल. पण वही चाळली तर निम्म्याहून जास्त लोक बोलले ते महिन्याच्या गोळ्यांवर! शुगर, बीपी, थायरॉइड, गुडघे, अन् दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या. कार्ड भरती झाल्यावर चालते, गोळ्यांवर चालत नाही. एक आजोबा शुगरची गोळी एक दिवसाआड घेतात, डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही, पुरवायची म्हणून. हे आमच्या डोक्यात पण नव्हतं, कारण कोणाला विचारलंच नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं एका कार्यालयात निवेदन दिलं होतं. साडेचार पानं, सतरा मागण्या, त्यात आरोग्याच्या बाजूला नालीची सफाई, बगिच्यातले बाक अन् मोकाट कुत्रे पण होते. आवकचा गोल शिक्का मिळाला, फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर टाकला, अंगठे आले. त्यानंतर काहीच नाही.

यावेळी डिसेंबरात अधिवेशन इथंच आहे, सरकार आपल्या गावात येते तर काहीतरी नीट करावं म्हणून रविवारी सभा घेतली. तर्री-पोहे ठेवले म्हणून साठेक लोक आले, अन् बोलले तिघं. तिघंही मंडळाचे पदाधिकारी. बाया मागच्या रांगेत एकमेकींशी बोलत होत्या, खरी माहिती तिथं चालली होती.

तर मला विचारायचंय ते असं. ही वही कोणाला द्यायची, आमदाराला, कलेक्टरला की मोर्चात? लोकांची नावं, आजार लिहून देणं बरोबर आहे का? अन् सभेत लोकांना बोलतं कसं करायचं? मी बीए नापास माणूस आहे, सरकारी भाषा फॉर्म भरण्यापुरती येते. कोणी असं काम केलं असेल तर सांगा. राजकारण नको प्लीज, कोणत्या सरकारनं काय केलं त्यावर वेगळा धागा काढा.

– झेरॉक्सवाला

पोपटी_शेंगा: भाऊ वाईट वाटून घेऊ नका पण निवेदनाच्या कागदात शेवटी शेंगदाणेच मिळतात. मोर्चा पण मॉरिस कॉलेज टी पॉइंटच्या पुढं जाऊ देत नाहीत. बॅरिकेडपाशी एक मंत्री येतो, निवेदन घेतो, माईकवर दोन शब्द बोलतो, संपलं.

झेरॉक्सवाला: ते माहीत आहे दादा, म्हणून तर विचारून राहिलो.

निवृत्त_पॉलिसीवाला: पोपटीराव, सगळीच निवेदनं वाया जात नाहीत. आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. एलआयसीच्या नागपूर विभागातल्या कर्मचारी युनियननं विम्याच्या हप्त्यावरच्या जीएसटीबद्दल गडकरी साहेबांना निवेदन दिलं. त्यांनी जुलै २०२४ मध्ये त्याच निवेदनाचा दाखला देऊन अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की आयुर्विमा अन् मेडिकल विम्यावरचा १८ टक्के कर काढा. ते पत्र बाहेर आलं, देशभर चर्चा झाली, संसदेत गाजलं, मंत्रिगट बसला अन् २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला. एका निवेदनानं झालं असं मी म्हणत नाही, मागणी बऱ्याच ठिकाणांहून होती. पण त्या निवेदनात नाली अन् कुत्रे नव्हते. कर किती, कोण लावते, कोण काढू शकते, हे वाचणाऱ्याला लगेच कळत होतं.

तुमच्या वहीत खाजगी मेडिक्लेमवाल्यांच्या पण तक्रारी असतील, त्या वेगळ्या काढा. तिथं मालक राज्य सरकार नाही, विमा नियामक आहे. त्यांचा नियम आहे की कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय अन् डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत मंजुरी. साठीवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी बोलावं लागते, हे जानेवारी २०२५ पासून. तक्रार आधी कंपनीकडं लेखी, मग बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. लोकपालाकडं वकील लागत नाही, फी नाही.

धंतोली_ते_धरमपेठ: मुद्दा बरोबर. वहीचे ढीग पाडा, तक्रार कोणाच्या अखत्यारीत आहे त्याप्रमाणे. योजनेतल्या हॉस्पिटलनं पैसे मागितले ते योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडं, त्यांचा जिल्हा समन्वयक असतो, अन् प्रत कलेक्टरला. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर ते धर्मादाय सहआयुक्तांकडं, कारण तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत अन् १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार अन् ३ लाख ६० हजार. हे कार्डाशिवाय पण मिळते, पण दारावर कोणी सांगत नाही. दरपत्रक अन् रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावलेली नसेल तर मनपाच्या आरोग्य विभागाकडं जा, २०२१ च्या नर्सिंग होम नियमात ते बंधनकारक आहे.

अन् काकूंचं प्रकरण वहीत ठेवू नका. पावत्यांच्या झेरॉक्स (तुमच्याकडं फुकट!), भरतीची तारीख-वेळ, काउंटरवर कोण काय बोललं ते जसंच्या तसं, अन् योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. नंबर मिळाला की ती तक्रार असते, तोपर्यंत गाऱ्हाणं. अशी चारपाच पक्की प्रकरणं नंबरासकट असली की आमदार लक्षवेधी (सभागृहात मंत्र्याकडून उत्तर मागणारी सूचना) लावू शकतो, नुसत्या "गोरगरिबांना न्याय द्या" वर काय लावणार तो? अधिवेशन सुरू झाल्यावर आमदार निवासात धावू नका, तिथं जत्रा असते. आत्ताच त्याच्या ऑफिसात जाऊन पीएला भेटा, एक पान द्या.

एक बाजू पण लक्षात ठेवा. हॉस्पिटलवाले म्हणतात पॅकेजचे दर परवडत नाहीत अन् सरकारकडून पैसे उशिरा येतात. ते अगदी खोटं नाही. त्यांच्या लोकांना पण सभेला बोलवा, नाहीतर उत्तर एकच येईल, एकतर्फी आहे.

सातपुडा_मावशी: मी मूळची अमरावती जिल्ह्यातली. आमच्याकडं २००७ ला लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी दवाखान्यावर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायचं, सुरू झाली, राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होतं. त्यात आम्ही गावागावात बसून दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचो. लिहिता न येणाऱ्या बाया पण भरायच्या कारण उत्तर रंगात, हिरवा पिवळा लाल. औषध मिळते का, नर्स येते का, पैसे मागतात का. मग जनसुनवाई, समोर तालुक्याचे अधिकारी बसलेले अन् गावकरी एकेक प्रसंग सांगतात, अधिकाऱ्यानं तिथंच सर्वांसमोर उत्तर द्यायचं. पहिल्यांदा माझे पाय लटपटले होते. पण जो दवाखाना लाल होता तो पुढच्या वेळी पिवळा आला की गावाला दिसायचं. सगळे काही हिरवे झाले नाहीत.

तुमच्या सभेत चूक कुठं झाली सांगू का, माईक. माईक दिला की पुढारीच बोलतो. दहाबारा जणांचे गोल करा, बायांचा वेगळा, दुपारी तीनला, संध्याकाळी त्यांचा स्वयंपाक असतो. प्रश्न "तुमच्या काय समस्या" असा नको. "मागच्या महिन्यात कोणती गोळी अर्धी केली" असा विचारा, बघा कशा बोलतात.

अन् नावासमोर आजार लिहून कोणालाच देऊ नका, आमदाराला पण नाही. पोरीचं लग्न जमत नाही बाप्पा अशानं. नोंदीला नंबर द्या, नावांची यादी तुमच्या कुलपात. ज्यांना स्वतः उभं राहून सांगायचंय त्यांचीच नावं, त्यांची सही घेऊन.

पोपटी_शेंगा: मावशी, शब्द मागं घेतो. मोजणीला मी येतो, एक्सेलमध्ये भरून देतो, रविवारी मोकळा आहे.

झेरॉक्सवाला: सगळ्यांचे आभार. काल रात्री वही घेऊन बसलो. ढीग पाडले तर गोळ्या-तपासण्यांच्या ४१ नोंदी निघाल्या, योजनेत असून पैसे घेतले अशा १४, मेडिक्लेमच्या ९, बाकीच्या कार्डात नाव चुकलं, रेशनकार्ड ऑनलाइन दिसत नाही अशा. त्या शेवटच्या तर मीच दुरुस्त करू शकतो, उगाच सरकारच्या नावानं लिहिल्या होत्या.

काकूंची तक्रार आज नोंदवली, नंबर मिळाला. हॉस्पिटलवाल्यांनी काही म्हटलं तर, म्हणून त्या आधी घाबरत होत्या. मग मी सांगितलं की फोन माझ्या दुकानातून लावू, तर म्हणाल्या नाही, माझ्याच फोनवरून लाव.

अडचण आता ४१ वाल्यांची आहे. १४ जणांसाठी नियम आहे, तो मोडला एवढं म्हणता येते. गोळ्यांसाठी असा नियमच नाही, योजना भरती झाल्यावरची. जनऔषधीच्या दुकानातून घ्या सांगतो तर डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहितात अन् लोकांना वाटते स्वस्त गोळी कमी ताकदीची. मग यांचं काय मागायचं? ओपीडीची औषधं योजनेत टाका म्हणायचं, की मनपाच्या दवाखान्यात शुगर-बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम द्या म्हणायचं?

सातपुडा_मावशी: दुसरं. ते मनपाच्या हातात आहे, अन् मिळालं की नाही हे तुमच्या बायांना पुढच्या महिन्यात स्वतः मोजता येईल. पहिलं पण लिहा, एका ओळीत, खाली. पण आधी त्या दवाखान्यात आत्ता काय मिळते ते पाहून या, सलग चार सोमवार, खिडकीवर उभं राहून. आरटीआय पण टाका, दहा रुपयांचं काम, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते: मागच्या सहा महिन्यांत या गोळ्या किती आल्या, किती दिवस संपलेल्या होत्या.

झेरॉक्सवाला: आरटीआयचे फॉर्म दिवसाला दोन भरतो मावशी, लोकांचे. स्वतःचा कधी भरला नाही. सोमवारी सकाळी दुकान अकराला उघडेन, पायरीवर पाटी लावतो. गोळ्यांची नावं कोणी डॉक्टर किंवा फार्मसीवाले इथं असतील तर नीट जेनेरिकमध्ये लिहून द्या, शुगर, बीपी अन् थायरॉइडच्या. मी आजीच्या गोळ्यांच्या पत्त्यावरून पाहून लिहिली तर चुकेल, तिनं अर्धा पत्ता कापून शेजारणीला दिलाय, नावाचा भाग तिच्याकडं गेला.