आफ्रिकन स्वाइन फीवर देशोदेशी नेतं कोण, रानडुक्कर की माणूस?

पायवाट
डुकरांचा हा विषाणूजन्य रोग एखाद्या नव्या देशात शिरला की पहिलं बोट रानडुकराकडे जातं आणि सरहद्दीवर कुंपण घालण्याची मागणी सुरू होते. माझं मत उलट आहे. या रोगाच्या लांब उड्या माणसाच्या सामानातून झाल्या आहेत, आणि बंदोबस्तही तिथेच व्हायला हवा.

1921 साली केनियातून याची पहिली नोंद झाली. तिथले वॉर्टहॉग, म्हणजे आफ्रिकेतली सुळेवाली रानडुकरं, आणि गोचिडी हा विषाणू पूर्वापार बाळगून आहेत. वॉर्टहॉगला फारसं काही होत नाही, पाळीव डुकरं मात्र पटापट मरतात. 1957 मध्ये तो लिस्बनला पोचला, तो विमानातल्या जेवणाच्या खरकट्यातून. विमानतळाजवळच्या डुकरांना ते घातलं जात होतं. पुढे स्पेन-पोर्तुगालला त्यातून पुरतं सुटायला 1990 चं दशक उजाडलं. 2007 मध्ये जॉर्जियात साथ आली. तिथेही पोती नावाच्या बंदरात जहाजावरून उतरलेलं खरकटं हेच सर्वांत संभाव्य कारण मानतात. मग रशिया, 2014 मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, 2018 मध्ये चीन. 2021 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिक, म्हणजे मध्ये अख्खा अटलांटिक.

कारण साधं आहे. गोठवलेल्या मांसात हा विषाणू वर्षानुवर्षं टिकतो, खारवून वाळवलेल्या मांसात कित्येक महिने. माणसाला त्याची बाधाच होत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. प्रवाशाने अर्धवट टाकलेला सॉसेजचा तुकडा डुकराच्या तोंडी लागला की झालं. म्हणून आधी विमानतळ, बंदरं आणि खरकटं. कुंपण नंतर.

रानओढा
उडी माणसाची असेल, पण उडीनंतर रोग मुरतो तो जंगलात. सप्टेंबर 2020 मध्ये जर्मनीतला पहिला रुग्ण सापडला तो ब्रांडेनबर्गमध्ये, पोलंडच्या हद्दीजवळ मेलेलं रानडुक्कर. थंडीत अशा मढ्यात विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो आणि कळपातली बाकीची डुकरं ते हुंगत येतात. याला कुठला विमानतळ अडवणार? डेन्मार्कने 2019 मध्ये जर्मनीच्या हद्दीवर सुमारे 70 किलोमीटरचं कुंपण पुरं केलं. तिथे अजून रोग पोचलेला नाही.

पायवाट
डेन्मार्कचं श्रेय एकट्या कुंपणाला कसं देता? तिथे रानडुकरं मुळातच नगण्य, आणि बाहेर जनावरं सोडून परतणारे रिकामे ट्रक देशात घेण्याआधी धुऊन निर्जंतुक करतात. जर्मनीचंच पुढचं बघा. जून 2024 मध्ये हेसेनमध्ये बाधित रानडुक्कर सापडलं, पूर्वेकडच्या बाधित पट्ट्यापासून शेकडो किलोमीटर दूर. मधल्या मुलखात काही नाही. एवढं अंतर रानडुकरांचे कळप असे कापत नाहीत.

दगडी बांध
तुम्ही दोघंही सरहद्दीवरच अडकलात. कुंपण उपयोगी पडलं ते साथ सापडली त्या जागेभोवती. चेक प्रजासत्ताकात 2017 मध्ये झ्लीनजवळ आणि बेल्जियममध्ये 2018 मध्ये लागण झालेला जंगलाचा तुकडा बंद केला, मढी शोधून उचलली, आतली रानडुकरं मारली. दोन्ही देशांनी ती साथ संपवली. स्वीडननेही 2023 च्या साथीत असंच केलं. पण त्यासाठी पहिलं मढं लवकर सापडायला हवं. सगळा खेळ तिथे आहे.

चार डुकरं
खरकट्यावर बंदी म्हणणं सोपं आहे हो. धान्याचं खाद्य विकत घेणं लहान वराहपालकाला परवडत नाही, म्हणून तो खरकटं घालतो. ते नीट उकळलं तर विषाणू मरतो. मग उकळायची सोय द्या, सरसकट बंदी कशाला? आणि रोग निघाला की काय होतं? हैतीत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशी काळी डुकरं सरसकट मारली. गरीब शेतकऱ्याची तीच बँक होती. बदल्यात अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना महागडं खाद्य आणि पक्का निवारा लागायचा, ती तिथे टिकली नाहीत. हे ऐकलेला माणूस डुक्कर आजारी पडल्यावर सरकारला कळवेल की रातोरात विकून मोकळा होईल? आणि विकलेलं ते डुक्कर हद्द ओलांडतंच.

पायवाट
भरपाई पूर्ण आणि तातडीने मिळावी, यात तुमच्या बाजूने आहे. उकळण्याबद्दल नाही. घराघरांत किती वेळ, किती तापलं हे कोण बघणार? एक कच्चं राहिलेलं भांडं पुरेसं आहे. युरोपियन युनियनने खरकटं घालणं बंदच केलंय, ते याच कारणासाठी.

चार डुकरं
बंद केलं, तरी युरोपात साथ आलीच ना? बंदीबरोबर स्वस्त खाद्याची तजवीज आधी दाखवा, मग बोलू.

रानओढा
आणि जंगलातल्या मढ्यांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.