लिव्हरवालं पिस्तूल?? व्होल्कॅनिकबद्दल कोणी सांगेल का

अर्धवट_ज्ञानी
काल रात्री झोप येत नव्हती म्हणून जुन्या बंदुकांच्या लिलावाचा व्हिडिओ बघत बसलो, त्यात एक विचित्र पिस्तूल दाखवलं. दिसायला पिस्तूलच, पण चापाजवळ खाली एक कडी, त्यात बोट घालून दांडा खाली ओढायचा नि परत वर, काउबॉय लोकांच्या विंचेस्टर रायफलला असतो ना अगदी तसा. नाव व्होल्कॅनिक, साल १८५० च्या आसपासचं म्हणाले. मला वाटलं कोणीतरी रायफल कापून बनवलीय, पण तसं नाही म्हणे. मग हे चाललं का नाही? त्या काळी एकदा ठासा, एकदा उडवा असा प्रकार असताना एका दमात ८-१० गोळ्या म्हणजे लोकांनी उड्या मारायला हव्या होत्या ना?

तेलकट_हात
कापलेली रायफल नाहीच, उलट ती प्रसिद्ध रायफलच या पिस्तुलाच्या पोटातून निघालीय.

सुरुवात न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटपासून. हा तोच गृहस्थ ज्याने सेफ्टी पिन काढली आणि पेटंट ४०० डॉलरला विकून मोकळा झाला. त्याने १८४८ ला एक गोळी पेटंट केली, रॉकेट बॉल. म्हणजे गोळी मागून पोकळ, दारू त्या पोकळीतच भरलेली, वेगळी कवची, म्हणजे दारू धरून ठेवणारी धातूची नळकांडी, नाहीच. पुढच्या वर्षी ती उडवायला रायफल केली पण ती फार नाजूक, भाराभर सुटे भाग. मग जेनिंग्ज नावाच्या माणसाने ती थोडी सोपी केली, व्हर्माँटमधल्या विंडसरच्या कारखान्यात बनायला लागली, आणि तिथे होरेस स्मिथ, डॅनियल वेसन आणि बेंजामिन टायलर हेन्री ही मंडळी त्यात आली. नावं ओळखीची वाटली ना? स्मिथ आणि वेसनने १८५४ ला पेटंट घेऊन कनेटिकटमधल्या नॉर्विचला पिस्तुलं काढली, नळीचा आतला व्यास ०.३१ आणि ०.४१ इंच. म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठी नाव काढलेल्या स्मिथ अँड वेसन कंपनीचा पहिला माल रिव्हॉल्व्हर नव्हताच, हे लिव्हरवालं पिस्तूल होतं. १८५५ ला गुंतवणूकदार येऊन कंपनीचं नाव व्होल्कॅनिक झालं.

चालायचं कसं, तर नळीखाली दुसरी नळी, त्यात गोळ्या एकामागे एक, पुढून स्प्रिंगचा रेटा. कडी पुढे ढकलली की घोडा चढतो, गोळी वर येते, कडी मागे घेतली की गोळी नळीत जाऊन बसते आणि मागचा सांधा गुडघ्यासारखा सरळ होऊन कुलूप लागतं. यंत्र एक नंबर. घोळ सगळा गोळीत. पोकळीत दारू मावणार किती, जेमतेम ६-७ ग्रेन (म्हणजे अर्धा ग्रॅमही नाही). त्यात कवची नाही म्हणजे मागची फट बंद करायला काहीच नाही, गॅस मागून निसटतो, आणि गोळी फुसकी निघाली तर ओढून काढायला तिला मागे कडाच नाही. मग बसा नळीत काठी घालून.

दोन_पैसे
गोळीबद्दल मान्य पण एक राहिलं, पिस्तूल माणूस घेतो कशाला, एका हाताने चालवायला. घोड्यावर बसलाय, एका हातात लगाम, मग कडी कोण ओढणार? कोल्टचं रिव्हॉल्व्हर अंगठ्याने घोडा चढवला की झालं. मला तर वाटतं गोळी चांगली असती तरी लोकांनी कोल्टच घेतलं असतं.

तेलकट_हात
@दोन_पैसे बरोबर आहे, ते मी खाल्लं. लिव्हरला दोन हात लागतात आणि दोन हात लागणार असतील तर रायफलच बरी. तेच पुढे झालं बघ. व्होल्कॅनिक लगेच बुडाली, आणि ती घेतली ऑलिव्हर विंचेस्टरने. हा न्यू हेवनचा शर्ट शिवणारा कारखानदार, बंदुकीतलं काही कळत नसावं पण गिऱ्हाईक कळत होतं. १८५७ ला न्यू हेवन आर्म्स नाव दिलं, हेन्रीला कामाला बसवलं. हेन्रीने यंत्राला फार धक्का न लावता काडतूस बदललं, तांब्याची कवची, ०.४४ इंची गोळी आणि २५ ग्रेनच्या वर दारू, म्हणजे जवळपास चौपट! कवची फुगून मागची फट आपोआप बंद. १८६० ची हेन्री रायफल ती हीच, आणि तिच्यावरून १८६६ ची पहिली विंचेस्टर.

तिकडे स्मिथ आणि वेसन आधीच बाहेर पडले होते. कोल्टचं रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८५७ ला संपलं, त्याच वर्षी त्यांनी स्प्रिंगफील्डला ०.२२ चं काडतूसवालं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. म्हणजे एका फसलेल्या पिस्तुलातून दोन कंपन्या.

अर्धवट_ज्ञानी
बाप रे, सेफ्टी पिनवाला, शर्टवाला 😄 पण मग लिव्हरचं पिस्तूल परत कोणी केलंच नाही का?

कोपऱ्यातला_वाचक
केलं की, युरोपात. १८८० नंतर ऑस्ट्रिया-हंगेरीत बरीच लोकं याच्या मागे होती, शुलहोफ, लाउमान, बोहेमियातला बिटनर. बिटनरचं साधारण १८९३ चं, चापाजागी मोठी कडी, बोटानेच पुढे-मागे करायची, म्हणजे दोन_पैसे यांचा एका हाताचा प्रश्न सुटला. पण नशीब बघा, त्याच सुमाराला बोर्शार्टचं आपोआप भरणारं पिस्तूल आलं, मग कडी ओढतंय कोण. गंमत म्हणजे बोर्शार्टच्या पिस्तुलातही कुलूप लागायला तोच गुडघ्याचा सांधा आहे, आणि हा बाबा आधी विंचेस्टरकडे नोकरीला होता.

दोन_पैसे
आता हा सांधा नीट दिसेल असं एखादं चित्र टाका कोणीतरी, गुडघा गुडघा ऐकून माझाच दुखायला लागला.