पेटीत निघालेला चांदीचा फ्लॉवरपॉट, मोडीत देऊ का?

बोरीकाठचा: मंडळी, अमळनेरला जुनं घर पाडायला काढलंय, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक फ्लॉवरपॉट निघाला, हातभर उंच, दोन कान, अंगावर द्राक्षवेल, तोफ, बंदुका, पार काळा पडलाय. आजी त्यात मेथ्या ठेवायची. पट्टीवर इंग्रजीत नेमबाजीचं बक्षीस असं काहीतरी कोरलंय आणि कुठल्यातरी रेजिमेंटचा नंबर. पणजोबा भुसावळला रेल्वेत होते, तिथूनच आला असेल. सराफ म्हणतो मोडीत दे, पावणेदोन किलो भरतोय. वहिनी चिंच घेऊन बसलीय. काय करू?

केळीवाला_रावेर: अरे भो, कंपनी सरकारच्या फौजेतल्या आउट्रम साहेबाने भिल्ल पलटण तुमच्याच शेजारी धरणगावला उभी केली होती ना १८२५ ला! त्याचाच असणार, नशीब काढलं तू!!

जुनापुराणा: केळीवाले भाऊ, जरा दमानं. आउट्रम १८३५ लाच खान्देशातून गेला, नुसतं गाव जवळ म्हणून वस्तू त्याची होत नाही.
बोरीकाठचे, आधी वहिनींच्या हातातली चिंच काढून घ्या. घासून घासून कोरीव अक्षरं झिजली की उरते ती नुसती चांदी, मग सराफाचाच भाव खरा. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, बस. मग तळाशी किंवा गळ्यापाशी भिंग लावून ठसे बघा. चालता सिंह म्हणजे ९२५ ची (हजारात ९२५ भाग शुद्ध) इंग्लिश चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. व्हिक्टोरिया राणीचं (ती राणी झाली १८३७ ला) मुंडकं असेल तर ते कर भरल्याचा ठसा, १८९० ला तो बंद झाला. सोबत एक अक्षर असतं त्यावरून नेमकं साल निघतं. आणि ई पी एन एस दिसलं तर आत जर्मन सिल्व्हर, वरून चांदीचं पाणी. लोहचुंबक लावू नका, दोन्हीला चिकटत नाही.

सोनारगल्ली: बरोबर. अजून एक, बूड ठोकून बघा, बद्द आवाज आला तर आत राळ किंवा प्लॅस्टर भरलेलं असू शकतं, मग पावणेदोन किलो सगळी चांदी नाही. मी स्वतः मोड घेतो तरी सांगतो, असली वस्तू भट्टीत घालायला जीव होत नाही.

बोरीकाठचा: बघितलं! सिंह, नांगर, राणीचं मुंडकं, तिन्ही आहेत, अक्षर अर्धं पुसलंय. नंबरापुढे रेजिमेंट ऑफ फूट असं लिहिलंय.

जुनापुराणा: वा! गोऱ्या पायदळाचे नंबर १८८१ ला गेले, नंतर विलायतेतल्या परगण्यांची नावं आली. म्हणजे बहुतेक त्याआधीची वस्तू. शंभर वर्षांच्या पुढची आहे म्हणजे कायद्याने परदेशात पाठवता येत नाही, तिकडच्या कोणी ऑनलाइन गिऱ्हाइकाने मोठा आकडा सांगितला तरी भुलू नका. अक्षराचा तिरप्या उजेडात फोटो टाका.

बोरीकाठचा: टाकतो संध्याकाळी. वहिनीने चिंचेची आमटी केली.