फेराइट रिंगचा म्यू वाढतच नाही, मदत हवी आहे (तातडीने!)

गोंधळलेली
फेराइटची (लोह ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक) पावडर दाबून रिंग करते, भाजते, तार गुंडाळून एलसीआर मीटरला (इंडक्टन्स मोजायला) लावते. म्यू (पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला किती सहज वाट देते तो आकडा) २०० च्या वर जायला तयार नाही, निदान १००० तरी हवा. ४ तास भाजलं, मग १० तास. १० तासांची उलट १४० वर आली! सोमवारी सरांना दाखवायचंय. काय चुकतंय?

भट्टीवाला
ताई, नुसतं 'फेराइट' म्हणजे नुसतं 'भाजी' म्हटल्यासारखं झालं. कोणती? निकेल-झिंक की मँगनीज-झिंक? तापमान किती, भट्टीत कुठला वायू, थंड कशी केली?

हिशोबी
आणि वेढे किती? मापं द्या, निम्म्या वेळा घोळ मोजण्यातच असतो.

सोलजेलप्रेमी
ऑक्साइड घोटत बसू नका. सोल-जेल करा: नायट्रेट्स, सायट्रिक ॲसिड, ऑटोकम्बश्चन (जेल आपोआप जळून पावडर होते). ३० नॅनोमीटरची पावडर मिळते. माझं सगळं एमएस्सी त्यावरच झालं.

भट्टीवाला
पावडर ३० नॅनोमीटरची असली तरी म्यू ठरतो भाजून झालेल्या रिंगमधल्या दाण्यावर, म्हणजे स्फटिकाच्या कणावर. दाणा मोठा आणि आतून स्वच्छ असेल तर डोमेनची भिंत (वेगवेगळ्या दिशांच्या चुंबकत्वाच्या भागांमधली सीमा) मोकळी सरकते. बारीक दाणा म्हणजे पावलोपावली उंबरठे.

सोलजेलप्रेमी
बारीक पावडर कमी तापमानाला भाजते, हे विसरलात.

भट्टीवाला
विसरलो नाही. तिची रिंग दाबताना पापुद्रे सुटतात, हेही विसरलो नाही.

चुंबक्या
विषय निघालाच आहे तर, स्पीकरचं काळं चुंबक पडून दोन तुकडे झाले. फेविक्विक चालेल का?

हिशोबी
ते स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम फेराइट. तिथे सगळं उलटं: दाणा साधारण १ मायक्रॉनचा ठेवतात, म्हणजे चुंबकत्व सहजासहजी सुटत नाही. धागा वेगळा काढा.

गोंधळलेली
सॉरी, प्रॅक्टिकल्स होती. मँगनीज-झिंक आहे. स्टीलच्या गोळ्यांनी बॉल मिल. १२५० अंश, मफल फर्नेस. वायू कसला, हवाच! रात्री बंद करते, सकाळी उघडते. बाहेरचा व्यास १८, आतला १०, उंची ५ मिमी, २० वेढे, १० किलोहर्ट्झला ४७ मायक्रोहेन्री.

हिशोबी
२०० च येतो. मोजणी बरोबर आहे.

रेडिओकाका
तुमच्याकडे सलग १० तास वीज असते? नशीबवान आहात. आमच्या वेळी ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी जुन्या बाजारातून आणायचो, भट्टीबिट्टी काही नाही.

भट्टीवाला
'हवाच' मध्येच सगळं आलं. ताई, एक रिंग फोडा आणि तुटलेली बाजू उजेडात धरा.

गोंधळलेली
फोडली. बाहेरून अर्धा मिलिमीटरचा तांबूस करडा थर, आत काळी. १० तासांवालीचा थर जास्त जाड. तिच्या एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत) दाणे मोठे आहेत, पण त्यांच्या पोटात भोकंच भोकं.

भट्टीवाला
मग झालं. रात्रभर हवेत हळूहळू निवताना मँगनीज ऑक्सिजन घेतो, स्पिनेल (फेराइटची स्फटिकरचना) फुटतं आणि कडेला हेमॅटाइट (तांबडं लोह ऑक्साइड) बसतं. तो तुमचा तांबूस थर. १० तासांत वर झिंकही उडालं, आणि दाणे घाईने वाढताना त्यांनी छिद्रं गिळली. कडेला असलेलं छिद्र भरून निघतं, पोटात गेलेलं तिथेच राहतं आणि भिंत अडकवतं. कारखान्यात १३०० च्या वर भाजतात, थोडा ऑक्सिजन ठेवून. मग भट्टी उतरेल तसा ऑक्सिजनही उतरवत शेवटी शुद्ध नायट्रोजन. माझी उमेदीची वर्षं त्या व्हॉल्व्हपाशी गेली. रिंग त्याच मिश्रणाच्या पावडरमध्ये पुरून भाजा, झिंक कमी उडेल. स्टीलच्या गोळ्या झिजून लोखंड वाढतं, ते वजनात धरा.

हिशोबी
नाहीतर सरळ निकेल-झिंक करा. हवेत भाजता येतं, झिंक जास्त ठेवलं तर १००० ही मिळतो. फक्त लोखंड किंचित कमी ठेवा, नाहीतर फेरस (दोन प्रभाराचं लोह) तयार होऊन विजेची रोधकता कोसळते.

सोलजेलप्रेमी
तेही सोल-जेलने उत्तम होतं.

गोंधळलेली
विषय मँगनीज-झिंक म्हणूनच रजिस्टर झालाय, बदलता येणार नाही. शेजारच्या डिपार्टमेंटला नळीची भट्टी आहे, सिलिंडर मात्र आपला न्यायचा. उद्या तिथल्या लॅब असिस्टंटना गाठते. सोमवारी सरांना फोडलेली रिंगच दाखवते. भट्टीवाले काका, खूप आभार.

भट्टीवाला
तुकडे डबीत घालून न्या, धार लागते.

चुंबक्या
म्हणजे फेविक्विक चालेल ना?